शुक्रवारच्या निळ्या नळ्या

डॉक्टर मृणालिनी पाणंदीकरांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता: माणूस सुधारेपर्यंत त्याला बसायला चांगली जागा देऊ नये. हे बाळकडू त्यांना वडिलांकडून मिळालं होतं. वडील मुलुंडच्या एका शाळेत हेडमास्तर. त्यांच्या वर्गात परीक्षेचे गुण लागले की सगळी मुलं दप्तरं उचलून नव्या जागी बसायची, हुशार खिडकीपाशी आणि ढ दारापाशी. मृणालिनीबाई शाळेची अख्खी वर्षं खिडकीपाशी बसल्या. दारापाशी बसणाऱ्याला काय वाटतं हे कळायची वेळच त्यांच्यावर आली नाही, आणि पुढची सगळी भानगड खरं तर तिथूनच सुरू झाली.

बाई हुशार होत्या, यात वाद नाही. मधुमेहाचं खास शिक्षण घेऊन १९८५ साली त्या घाटकोपरच्या एका धर्मादाय रुग्णालयात रुजू झाल्या. त्या रुग्णालयाच्या नावात देणगीदाराच्या तीन पिढ्या होत्या, त्यामुळे लोक आपले 'टेकडीखालचा दवाखाना' म्हणून मोकळे व्हायचे. तिथं मधुमेहाचा कारभार रामभरोसे चालला होता. रात्रपाळीच्या सिस्टर घरी जायच्या घाईत पहाटे सहालाच इन्सुलिन टोचून टाकायच्या आणि चहा-पाव यायचा साडेआठला. मधल्या वेळात पेशंट घामाघूम होऊन थरथरत बसायचे, आणि सिस्टर म्हणायच्या, "अशक्तपणा आहे." बाहेरच्या पेशंटना तर एका दमात सांगितलं जायचं: साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, चला, पुढचा.

बाईंनी पहिल्याच महिन्यात पदर खोचला. स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याशी भांडल्या, सिस्टरांशी भांडल्या, आणि सुई आणि चहा यांच्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही असं ठरवून घेतलं. मग दर शुक्रवारी सकाळी आठला मधुमेहाचा वर्ग सुरू केला. काचेची सिरिंज कशी उकळायची, घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी कशी ठेवायची, रोज रात्री पावलं कशी तपासायची, हे सगळं त्या खडू घेऊन शिकवायच्या. मुंबईच्या मोठमोठ्या इस्पितळांतसुद्धा तेव्हा असं कुणी शिकवत नव्हतं, हे मान्य करायला हवं.

विश्वस्तांनी मात्र वर्षभराचीच मुदत दिली होती. अध्यक्ष मार्तंडराव म्हणजे निवृत्त इंजिनियर, सरळ रेषेवर प्रेम करणारा माणूस. ते म्हणाले, "वर्षभर चालवून दाखवा. सुधारणा दिसली तर वर्ग कायमचा, वर इन्सुलिनसाठी फ्रिज, आणि तुम्ही मागताय ती रक्ताची तपासणीही वर्गातल्या सगळ्यांना फुकट. नाही दिसली तर ती खोली एक्स-रेच्या जुन्या फायलींना परत." तोवर रक्तातली साखर तपासायची ती फक्त दाखल झालेल्या पेशंटची. वर्गातल्यांची लघवी तपासायची.

ती तपासणी दिसायला मोठी झकास. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर वाट लागली. पेशंटांनी आपापली बाटली घरून भरून आणायची आणि भीमराजच्या हातात द्यायची. भीमराज कांबळे हा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, विक्रोळीला राहणारा, हाताचा हलका आणि तोंडाचा फटकळ. रंग बघून तो मोठ्यांदा सांगायचा आणि बाई रजिस्टरात लिहायच्या.

इथं बाईंना वडील आठवले. त्यांनी रुग्णालयाच्या सुताराकडून तीन बाकं रंगवून घेतली, एक निळं, एक हिरवं, एक लाल. निळं बाक पंख्याखाली, हिरवं मधे, आणि लाल बाक थेट दारासमोर, जिथून बाह्यरुग्ण विभागातली अख्खी रांग जाते. ज्याचा जो रंग त्याचं ते बाक, आणि पिवळा आला तर तोही लालमध्येच. पहिल्या शुक्रवारी चोवीस पेशंटांतले सोळा जण लाल बाकावर दाटीवाटीनं बसले. जागा पुरेना तेव्हा चौघं उभे राहिले. बाई म्हणाल्या, "लाज वाटली पाहिजे, तरच जिभेवर ताबा येतो."

आणि चमत्कार बघा, ताबा आला. दुसऱ्या महिन्यात लाल बाकावर आठ, तिसऱ्यात पाच. सहाव्या महिन्यात निळ्या बाकावर इतकी गर्दी झाली की शेजारी दोन खुर्च्या टाकाव्या लागल्या. लाल बाकावर कधी बाहेरगावचा एखादा नवखा माणूस दिसायचा, तोही पुढच्या शुक्रवारी उठून निळ्यावर जायचा. अधीक्षक डॉक्टर चंद्रप्रकाश सामंत, जे कॉलेजात बाईंच्या दोन वर्षं पुढे होते, ते दारातून डोकावून म्हणायचे, "मृणाल, हे पुस्तकात लिहिण्यासारखं आहे गं." बाई वरवर "छे हो" म्हणायच्या आणि घरी जाऊन आलेखाच्या कागदावर रेघ थोडी आणखी वर चढवायच्या.

या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे रुक्मिणी परब. वय बावन्न, टेकडीवरच्या चाळीत राहणारी, मूळची कुडाळकडची. नवरा गिरणीत होता, संपानंतर आता एका सोसायटीत पहारेकरी. पहिल्या शुक्रवारी रुक्मिणीबाईंची नळी विटेसारखी लाल झाली होती. तिसऱ्या शुक्रवारपासून निळी, आणि नंतर दहा महिने निळीच. बाईंनी तिला वर्गाची मॉनिटर केली. नवीन पेशंट आला की बाई त्याला रुक्मिणीबाईंसमोर उभं करायच्या, "यांच्याकडून शिका." आणि इतकी छान निळी नळी बघून त्यांनी तिचं इन्सुलिनही कमी करत आणलं. पहिल्या लाल नळीनंतर वाढवून सकाळी वीस युनिट आणि संध्याकाळी दहा केलं होतं, ते सकाळी बारा आणि संध्याकाळी काही नाही, इथवर आलं. मान खाली घालून "बरां" म्हणण्यापलीकडे रुक्मिणीबाई काही बोलायची नाही. बाईंना वाटायचं, किती विनयशील!

विश्वस्तांची समिती वर्ग बघायला यायची होती त्याच्या अकरा दिवस आधी, सोमवारी, रुक्मिणीबाईला तिच्या मुलानं हाताला धरून दवाखान्यात आणलं. अंगात ताप, आणि पाठीवर लिंबाएवढी काळपुळी. बाईंनी तिला लगेच दाखल करून घेतलं आणि रक्त पाठवलं. तासाभरानं चिठ्ठी आली: तीनशे ऐंशी.

बाई चिठ्ठी हातात घेऊन तशाच प्रयोगशाळेत गेल्या. "भीमराज, हे रक्त कुणाचं?"

"रुक्मिणी परब."

"शक्यच नाही. शुक्रवारी तिची नळी निळी होती. पुन्हा कर."

भीमराजनं पुन्हा केलं. तीनशे सत्त्याहत्तर. बाईंनी तिसऱ्यांदा करायला लावलं. तीनशे एक्क्याऐंशी आलं तेव्हा भीमराजनं नळी स्टँडमध्ये ठेवली आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, रक्त बरोबर आहे. निळी नळी पण बरोबर होती. फक्त ती त्यांची नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे दर शुक्रवारी टेकडीवरच्या चाळीतून तेरा बाटल्या येतात ना, एक खोकल्याच्या औषधाची, एक खोबरेल तेलाची, एक शाईची, त्या तेराही बाटल्यांत एकाच माणसाची लघवी असते. नुसती पाण्यासारखी. तो माणूस बिचारा आदल्या रात्री हंडाभर पाणी पीत असणार."

बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्या स्टुलावर बसल्या. "किती दिवस माहीत आहे तुला?"

"गणपतीपासून."

"आणि बोलला नाहीस?"

"तुम्ही रंग विचारायचात, मी रंग सांगायचो. कुणाची ते कधी विचारलंत?" मग तो म्हणाला, "आणि एकदा सांगायला आलो होतो. तेव्हा तुम्ही आलेख काढत होतात. म्हणालात, चांगलं काही असेल तरच आज बोल."

बाईंना ते आठवलं. नाही आठवलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

वॉर्डात रुक्मिणीबाई कुशीवर पडून होती. काळपुळी फोडून ड्रेसिंग केलं होतं, ताप उतरत होता. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज चढवायचा नाही असं स्वतःला बजावून म्हणाल्या, "रुक्मिणीबाई, कुणाची होती?"

रुक्मिणीबाईंनी डोळे मिटून घेतले. "प्रेमाची," ती म्हणाली.

प्रेमा म्हणजे तिच्याच चाळीतली शिवणकाम करणारी पोरगी, एकवीस वर्षांची, खणखणीत तब्येतीची. टेकडीवर नळाला पाणी पहाटे एकच तास यायचं. ठरलं ते असं: शुक्रवारी प्रेमाच्या घरचं सगळं पाणी चाळीतल्या पेशंटांनी भरायचं, आणि प्रेमानं तेरा बाटल्या भरायच्या. कुणाचं काही बुडत नव्हतं. प्रेमा तर म्हणे आनंदात होती, आठवड्यातून एक दिवस तिला पाण्यासाठी उठावं लागत नव्हतं.

"अहो, पण का?" बाईंनी विचारलं. "मी एवढं जीव तोडून शिकवते, ते काय यासाठी?"

रुक्मिणीबाई उठून बसली. इतके दिवस 'बरां'पलीकडे न गेलेली ती बाई आता बोलायला लागली. "बाई, पयल्या शुक्रवाराआदी मी आठ दिस भात खाल्लंय नाय. भात! कुडाळचा माणूस मी. सकाळी कारल्याचो रस, दुपारी भाकरी, रात्री भाकरी. सुयो टोचून घेतलंय तुमी सांगल्यात तशे. आणि नळी लाल. तुमी माका दारात बसयलात. तितक्यात माझी विहीण नातवाक घेवन इली, सगळ्यांसमोर माका म्हणता, काय हो, चोरून लाडू खातास काय? आणि तो मार्केटातलो धोंडू, भाड्यो, आदल्या रात्री पोटभर जिलबी खावन इल्लो, तो हिरव्यार बसलो. मगे मी कित्याक कारला खाव?"

बाईंनी केसपेपर उघडला. पहिला शुक्रवार, डोस फक्त सकाळचा, आठ युनिट. रुक्मिणीबाईंच्या वजनाला आणि तिच्या साखरेला आठ युनिट म्हणजे समुद्रात चमचाभर मीठ. डोस बाईंनीच लिहिला होता, त्यांच्याच अक्षरात. जिनं आठ दिवस भात सोडला तिची नळी लाल झाली होती ती डॉक्टरच्या चुकीनं, आणि दारात बसवलं होतं मात्र तिला.

"रुक्मिणीबाई," त्या म्हणाल्या, "तो लाल रंग तुमचा नव्हता. माझा होता. औषध मीच कमी दिलं होतं." आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका पेशंटसमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःचा इतका राग आला होता की काय करावं कळेना, म्हणून त्यांनी रुक्मिणीबाईंची उशी उगाचच दोनदा नीट केली.

संध्याकाळी त्यांनी चंद्रप्रकाशांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. चंद्रप्रकाश आधी पोट धरून हसले. "प्रेमा! अगं, हिला आपण पगार द्यायला हवा." मग हसू आवरून खुर्ची पुढे घेतली. "हे बघ मृणाल, समिती पुढच्या शुक्रवारी येतेय. आत्ता काही बोलू नकोस. मंजुरी घे, फ्रिज येऊ दे, रक्ताची तपासणी सुरू होऊ दे, मग बस की गोंधळ निस्तरत. चांगल्या कामासाठीच आहे ना?"

"आकडे खोटे आहेत."

"तुझ्या वर्गातल्या आत्तापर्यंत एकाचाही पाय कापावा लागलेला नाही, हे खोटं आहे? सुईनंतर चहा वेळेवर येतो, हे खोटं आहे? मार्तंडरावांसमोर प्रेमाची गोष्ट सांगशील तर ते तुला आणि मला दोघांनाही दारात बसवतील. वर्ग बंद, तू घरी, आणि ती चोवीस माणसं परत 'साखर बंद, भात बंद'वर."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हे बाईंना कळत होतं. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. वर्ग बंद पडला तर या माणसांचं काय, आणि खोट्या रेघेवर वर्ग चालला तर आणखी किती रुक्मिणीबाईंचं औषध आपण कमी करू, या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच टोचत होत्या.

मधल्या शुक्रवारी त्या वर्गात आल्या तेव्हा नेहमीप्रमाणे निळ्या बाकावर चेंगराचेंगरी होती. बाईंनी खडू उचललाच नाही. म्हणाल्या, "आज बाटल्या भीमराजकडे देऊ नका. मला सगळं कळलंय."

 धोंडूनं आपली खोबरेल तेलाची बाटली हळूच सदऱ्याखाली सरकवली.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शाळकरी पोरांसारखं बसवलं. ज्याला औषध कमी पडलं त्यालाही मी लाजवलं. त्याबद्दल मी तुमची माफी मागते. आता खरं काय ते ऐका. पुढच्या शुक्रवारी समिती येणार आहे. प्रेमाची बाटली आणलीत तर वर्ग बहुतेक कायमचा होईल, फ्रिजही येईल. स्वतःची आणलीत तर काय होईल मला माहीत नाही. बंदही पडेल कदाचित. पण मी तुमचं औषध ठरवते ते त्या नळीवरून. रुक्मिणीबाई वरच्या वॉर्डात का आहेत, ते जाता जाता त्यांनाच विचारा. मी कुणावर जबरदस्ती करणार नाही."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्यांच्या मागे कुणीतरी म्हणालं, "आयला, ही तर रडते रे," आणि दुसरं कुणीतरी त्याला म्हणालं, "गप ना."

दुपारी वर्गातली सगळी माणसं एकामागून एक रुक्मिणीबाईंना बघायला वॉर्डात गेली. तिनं प्रत्येकाला पाठ दाखवली. सिस्टर ओरडल्या, तरी दाखवली.

समितीच्या शुक्रवारी मार्तंडराव बरोबर आठला आले, सोबत आणखी दोन विश्वस्त, हातात बाईंनी वेळोवेळी पाठवलेले आलेख. बाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या. चंद्रप्रकाश कोपऱ्यात उभे राहून रुमालानं मान पुसत होते. तीनही बाकं बाईंनी आदल्या दिवशी भिंतीला लावून त्यांच्यावर चादर टाकली होती, त्यामुळे माणसं जिथं मिळेल तिथं सतरंजीवर बसली होती. बाटल्या आल्या, तेवीस. कुणाच्या बाटलीत काय आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं.

भीमराजनं पहिली नळी दिव्यावर धरली. निळं औषध हिरवट झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल होऊन स्थिरावलं. "धोंडू मेस्त्री, लाल," भीमराज म्हणाला.

दुसरी लाल. तिसरी पिवळी. चौथी लाल. पाचवी लाल. बाई प्रत्येक नळीकडे अशा बघत होत्या, की जणू मुलाचा निकाल लागतोय आणि तो पहिला येतोय. त्या हसू दाबत होत्या. मार्तंडरावांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र वाढत होत्या. शेवटी त्यांनी आलेख समोर धरला.

"मॅडम, मागच्या महिन्यात चोवीसपैकी वीस निळे. आज तेवीसपैकी सात. ही सुधारणा?"

"होय," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच तुम्ही खरा आकडा बघताय. मागचे अकरा महिने मी तुम्हाला पाठवला तो आलेख खोटा होता. मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं. यात पेशंटांचा दोष नाही." आणि त्यांनी बाकांची, बाटल्यांची, पाण्याची, सगळी हकिगत एकही गोष्ट न लपवता सांगितली. एक विश्वस्त हसू आवरायला खिडकीकडे तोंड करून बसले. मार्तंडराव हसले नाहीत.

"म्हणजे वर्षभरात सिद्ध काय झालं? लोक फसवतात, एवढंच? मग तुम्हाला फ्रिज देऊन, तपासण्या फुकट देऊन काय होणार? उद्या पुन्हा फसवतील."

बाई काही बोलणार एवढ्यात दारातून आवाज आला. रुक्मिणीबाई वॉर्डातले कपडे अंगावर तसेच ठेवून, खांद्यावर शाल टाकून उभी होती. हातात झाकण लावलेली लहानशी बाटली. वॉर्डातल्या सिस्टर मागून धावत येत होत्या.

"सायबानू," ती म्हणाली, "ही माझी. चोविसावी. माझीच आसा, सिस्टरांनी बगितल्यानी." तिनं बाटली भीमराजच्या हातात दिली आणि मार्तंडरावांकडे वळली. "तुमी म्हणतास, लोका परत फसयतीत. खरां आसा. भितीपोटी माणूस फसयता. मीच बारा जणांक शिकयलंय. म्हणानच सांगतंय, आमका रक्ताची तपासणी देवा. मूत प्रेमाचा आणूक येता, रगत प्रेमाचा आणूक जमाचा नाय."

 मग धोंडू फसकन हसला, त्याच्या मागे अख्खी सतरंजी हसली, खिडकीकडे तोंड केलेले विश्वस्त तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मार्तंडराव हातातल्या आलेखाकडे बघत राहिले. त्यांनी तो हळूहळू चार घड्या करून खिशात ठेवला.

"चाळीस वर्षं मी पाण्याच्या लायनी टाकल्या," ते म्हणाले. "मीटर बिघडवणारे हजारो बघितले. मला न बिघडणारा मीटर बसवून द्या, असं म्हणणारा ग्राहक आज पहिल्यांदा बघतोय." ते उठले. "डॉक्टर सामंत, रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यापासून. फ्रिज त्याच्यासोबत. आणि मॅडम, आलेख काढत जा, पण जरा सावकाश चढू दे."

दरम्यान भीमराजनं चोविसावी नळी दिव्यावर धरली होती. अकरा दिवस वॉर्डात नीट इन्सुलिन मिळालं होतं. नळी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. "रुक्मिणी परब, हिरवा," त्यानं सांगितलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. रुक्मिणीबाईंनी ती नळी हातात घेऊन उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

रक्ताच्या पहिल्या शुक्रवारची तारीख फळ्यावर लिहिली गेली तेव्हा रुक्मिणीबाईंनी हात वर केला. "बाई, तुमचा रगत कदी तपासलात?"

कधीच नाही, हे बाईंना कबूल करावं लागलं. वर्गानं एकमतानं ठरवलं की रांगेत पहिला नंबर बाईंचा.

आदल्या दिवशी गुरुवारी बाईंच्या नवऱ्याचा वाढदिवस होता. सासूबाईंनी दुपारभर दूध आटवून बासुंदी केली होती. पानावर वाटी आली तशी बाईंनी ती अलगद बाजूला सरकवली. "मला नको. उद्या रक्त द्यायचंय."

"अगं, तुला कुठं मधुमेह आहे?" नवरा म्हणाला.

"तसं नाही. पण वर्गासमोर आकडा येणार. उगाच जास्त आला तर..."

एवढं बोलून त्या थांबल्या. वाटीकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांची एमडी बाई, एक दिवस आधी जेवणात काटछाट करून उद्याचा आकडा सुंदर करायला बसली होती. त्या एकट्याच मोठ्यानं हसायला लागल्या. सासूबाई घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बाईंनी वाटी परत ओढली, बासुंदी संपवली आणि आणखी अर्धी वाटी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ही गोष्ट आधी वर्गाला सांगितली आणि मगच दंड उघडा करून स्टुलावर बसल्या. भीमराजनं रबराची पट्टी आवळली. सुई जवळ आली तशी, हजारो लोकांना सुया टोचलेल्या बाईंनी मान दुसरीकडे फिरवली. रक्त नळीत जमा झालं, कापसाचा बोळा दाबला गेला, भीमराजनं नळीवर नाव लिहिलं.

"आकडा कधी कळेल रे?" बाईंनी विचारलं.

"एक वाजेल, मॅडम. सगळ्यांचे एकदमच सांगणार."

"एक? अरे, आत्ता तर साडेआठ वाजलेत. एवढा वेळ कसा काढायचा माणसानं?"

सतरंजीवरच्या चोवीस जणांनी एकमेकांकडे बघितलं, आणि रुक्मिणीबाईंनी हात धरून त्यांना आपल्या शेजारी खाली बसवून घेतलं.